नानांचा फॅक्स आणि मेन स्विच

प्रेमराज नानांबद्दल चांगलं बोलणारी माणसं जळगावच्या मेहरूणमध्ये पुष्कळ सापडतील. चांगलंच ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे जा. मी नानांबरोबर एका छताखाली काम केलं आहे. ज्यानं ते केलंय त्याला नानांचं कौतुक करायला फार मोठं मन लागेल, आणि माझं मन तेवढं मोठं नाही.

मी ज्योती, डॉक्टर मेघा मॅडमच्या दवाखान्यातली सिस्टर. दवाखाना छोटासा. बाहेर बाकं, आत मॅडमची केबिन, बाजूला इंजेक्शनची खोली आणि मागे एक अडगळीची खोली. नाना म्हणजे मॅडमचे जेठ, त्यांच्या मिस्टरांचे थोरले भाऊ. मिस्टर दीपनगरला वीज केंद्रात इंजिनिअर, आठवड्याला येतात, जेवतात, झोपतात, जातात. दवाखाना उभा राहिल्यावर नाना धुळ्याहून बॅग घेऊन आले आणि काउंटरमागच्या खुर्चीत बसले. तेव्हापासून ते मॅनेजर. मॅनेजर नेमा असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि उठा असंही कुणी म्हणालं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

उठा म्हणणार कोण? मॅडम जेठांशी बोलतच नाहीत. म्हणजे भांडण नाही, रीत आहे. त्यांचं सासर शिंदखेड्याकडचं. तिथल्या घरात लहान सून जेठासमोर तोंड उघडत नाही, समोर आला तर पदर पुढे ओढते. मॅडम एम. डी. आहेत. कलेक्टर कचेरीतले साहेब त्यांच्यासमोर जीभ बाहेर काढून बसतात. पण नाना केबिनच्या दारात आले की मॅडमची मान खाली, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"ज्योती, नानांना विचार, ऑक्सिजनचा सिलिंडर आला का."

नाना दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी त्यांच्याकडे वळून विचारायचं, "नाना, सिलिंडर आला का?" मग नाना माझ्याकडे बघून सांगायचे, "तिले सांग, सकाय येस." आणि मी मॅडमकडे वळायचं, "सकाळी येतो म्हणाले." एवढा शिकलेला दवाखाना, आणि दोन माणसांच्या मध्ये मला टेलिफोनची तार करून ठेवलेलं. मला नानांचा राग यायचा हे खरं, पण मॅडमचाही यायचा. हजारो लोकांच्या छातीला नळी लावणारी बाई एका रिकामटेकड्या माणसापुढे मुकी होते, हे बघवत नसे.

तारेचा विषय निघालाच आहे तर नानांचं पूर्वायुष्य सांगून टाकते. धुळ्याला एस. टी. स्टँडजवळ त्यांचा टेलिफोन बूथ होता. पिवळा बोर्ड, त्यावर एसटीडी, आयएसडी, पीसीओ आणि खाली लाल अक्षरात फॅक्स. त्या काळात नानांचा थाट होता म्हणे. लग्न ठरल्याचे, कुणी गेल्याचे, नोकरी लागल्याचे निरोप आधी नानांच्या कानावर पडत आणि मग गावात जात. पुढे हातोहाती मोबाइल आले, बूथ बसला. आजूबाजूच्यांनी रिचार्जची, झेरॉक्सची दुकानं टाकली. नानांनी काही टाकलं नाही. "हाई फॅशन शे, जाई निंघी," असं म्हणत ते मोबाइल जाण्याची वाट बघत बसले. मोबाइल गेला नाही, नाना जळगावला आले. येताना फॅक्सचं मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आले आणि ते आमच्या अडगळीच्या खोलीत देवासारखं ठेवून दिलं.

आणि मग नानांच्या नशिबानं सायरबाई अमेरिकेला गेल्या.

सायरबाई म्हणजे कापडवाले मोहनलालजींच्या आई. मॅडमच्या सर्वांत जुन्या पेशंट. हृदयाचं दुखणं, त्यावरच्या सगळ्या गोळ्या, सगळे कागद आमच्याकडे. मोहनलालजी म्हणायचे, आई, सरळ आत जा, तर त्या म्हणायच्या, "बाकी लोक काय हवा खायला बसलेत?" आणि बाकावर नंबर धरून बसायच्या. पिशवीत माझ्यासाठी खाकरे असायचे. नानांना तोंडावर बोलणाऱ्या त्या एकट्याच. "प्रेमराज, पंखा इकडे फिरव, तुला कशाला लागतो, तू काही काम करतोस का?" असं त्या भर दवाखान्यात विचारायच्या, आणि मला तेवढ्यानं दिवसभर बरं वाटायचं.

उन्हाळ्यात नातू संयमनं त्यांना न्यू जर्सीला नेलं. तिथे पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे. ऑपरेशन करायचं, पण भूल देणारे डॉक्टर म्हणाले की हृदयाचा जुना सगळा इतिहास त्यांच्या डॉक्टरांकडून आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. त्यात भर म्हणजे पूर्वी एका इंजेक्शनानं सायरबाईंना त्रास झाला होता, त्याची नोंदही आमच्याकडेच. मोहनलालजी म्हणाले, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. चालणार नाही. ईमेल? चालणार नाही. नातेवाइकानं पाठवलेलं काहीच चालणार नाही. आधी हॉस्पिटलचा फॉर्म फॅक्सनं दवाखान्यात येणार, त्यावर डॉक्टरांची सही, आणि सगळे कागद दवाखान्यातूनच फॅक्सनं परत. एवढा पुढारलेला देश, आणि कारभार धुळ्याच्या बूथसारखा.

मोहनलालजींनी 'फॅक्स' हा शब्द उच्चारला तेव्हा नाना खुर्चीत ताठ झाले ते मी बघितलं. जगानं त्यांची माफी मागितल्यासारखा चेहरा झाला होता.

"मी म्हनत नव्हतू?" ते मला म्हणाले. मला ते असं कधीच म्हणाले नव्हते.

संयमनं फोनवर सांगितलं होतं की हल्ली मोबाइलवरच फॅक्स घेता येतो, नंबर भाड्यानं मिळतो, दहा मिनिटांचं काम आहे. मॅडमनी माझ्यामार्फत ते नानांना विचारलं. नानांनी हात उडवला. "भाड्याना नंबर? आपला सोताना सर्व्हर बठाडसू." स्वतःचा सर्व्हर बसवणार म्हणे; सर्व्हर हा शब्द त्यांनी कुठून उचलला देव जाणे. पण एकदा उचलला तो खाली ठेवला नाही. जुनं मशीन चालतच नव्हतं, हे त्यातलं खरं कारण. आतली रबरं केव्हाच विरघळली होती. मॅडमनी विषय सोडला. जेठांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

नानांनी अडगळीची खोली रिकामी केली, म्हणजे मी केली. बंद पडलेली टेलिफोनची लाइन त्यांनी ओळखीच्या लाइनमनला चहा पाजून सुरू करून घेतली, हे मान्य करते. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्यानं एक डबा आणून बसवला. फोनच्या तारेतून आलेला कागद त्या डब्यात साठणार आणि मॅडमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दिसणार, इथले कागदही त्यातूनच जाणार, एवढंच त्याचं काम. जाताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नाना, हा चोवीस तास चालू ठेवायचा बरं का." नाना म्हणाले, "माले शिकाडू नको." तेवढंच बोलून ते नारळ आणायला गेले.

दाराला लिंबू-मिरची, डब्याला झेंडूचा हार, वर कुंकवाचं बोट. दारावर पाटी: सर्व्हर रूम, चपला बाहेर काढाव्यात. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटच्या डोक्यावरचा पंखा काढून आत लावला, कारण मशीनला गरम होतं. मे महिना होता. जळगावचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तापानं फणफणलेली माणसं फाइलीनं वारा घेत बसायची आणि आत डबा गार वाऱ्यात.

आणि दोन घड्याळं. एकावर 'भारत', एकावर 'अमेरिका'. अमेरिकेचं घड्याळ नानांनी संयमला विचारून अगदी बरोबर लावलं होतं. हे ध्यानात ठेवा.

नानांनी धुळ्याच्या एका जुन्या वकील मित्राकडून, त्याच्याकडे अजून मशीन होतं, भर दुपारी एक फॅक्स मागवून घेतला. 'श्री गणेशाय नमः' लिहिलेला कागद मॅडमच्या स्क्रीनवर उमटला. नानांनी त्याची प्रिंट काढून फ्रेम केली. मोहनलालजींनी अमेरिकेला नंबर कळवला.

संध्याकाळी दवाखाना वाढवताना नानांची एक पद्धत होती, बूथपासूनची. देव्हाऱ्यात उदबत्ती, शटर अर्धं खाली, मग मीटरजवळचा मेन स्विच खटकन पाडायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. मेन पाडल्याशिवाय दुकान मिटलं असं व्हायचंच नाही. कुठे तार घासली, आग लागली तर? त्यांच्या वडिलांनी म्हणे शिकवलेलं. त्या संध्याकाळीही त्यांनी मेन पाडला. आत डब्याजवळच्या बॅटरीनं टीं-टीं करून आरडाओरडा केला. तिचं कामच ते, वीज गेली हे सांगायचं. नाना परत आत गेले. "काय बोंबलस वं?" असं म्हणून त्यांनी तिचंही बटण बंद केलं. मग कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

मी म्हटलं, "नाना, हे चालू ठेवायचं सांगितलं होतं ना?"

"तू इंजेक्शनं दे," नाना म्हणाले. "मशीनले बी आराम लागस."

सकाळी मोहनलालजी दारात उभे. "आला का?" नाही आला. अमेरिकेतून रात्री संयमचा फोन, हॉस्पिटलवाले पाठवला म्हणतात, इकडे कुणी उचलतच नाही. तिथल्या ऑफिसची वेळ म्हणजे आपली रात्र. ते आपल्या वेळेलाच पाठवणार, कुणासाठी मागेपुढे करणार नाहीत. नाना त्या दोन घड्याळांखाली बसून म्हणाले, "तठली लाइन खराब शे." वर अमेरिकेचं घड्याळ टिकटिकत होतं. ते सेलवर चालायचं म्हणून तेवढं नानांच्या हातून वाचलं होतं.

मी मॅडमना सांगितलं, नाना रात्री मेन पाडतात. मॅडमना ते मी न सांगताही कळलं असतं. त्यांनी कागदांवरून नजर न उचलता म्हटलं, "नानांना सांग, रात्री बंद करू नका म्हणावं." मी निरोप दिला. झालं. लहान भावाची बायको आपल्याला शिकवते, एवढंच नानांच्या डोक्यात शिरलं, बाकी बाहेर राहिलं. "तिले सांग, मी धुयाले बूथ चालाडा, तवय ती शायमा जाये." ती तेव्हा शाळेत जात होती, हे खरंच होतं. त्याचा सायरबाईंच्या पित्ताशयाशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मेन जरा जास्तच जोरात पाडला.

असं रोज चाललं. रोज सकाळी मोहनलालजी, रोज "आला का", रोज नाही. मोहनलालजी सभ्य माणूस, आवाज चढवत नसत, पण दाढी करायचं सोडलं होतं. मॅडम रोज माझ्यामार्फत निरोप पाठवायच्या आणि नाना रोज माझ्यामार्फत तो परत करायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "मॅडम, तुम्ही स्वतः सांगा ना." त्या म्हणाल्या, "ज्योती, तुला नाही कळायचं. घरात फार मोठं होईल." त्या घरात सायरबाईंच्या दुखण्यापेक्षा मोठं काय होणार होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

मग एका दुपारी मोहनलालजींनी मला मोबाइलवर सायरबाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. ओळखू येत नव्हता. "ज्योती बेटा, तुमचा कागद का नाही गं येत? काही खाल्लं तर उलटून पडतं. आता तापही येतो. इथे सगळे गोड बोलतात आणि हात लावत नाहीत." मग म्हणाल्या, "प्रेमराजला म्हणावं, पंखा त्यालाच ठेव, पण माझा कागद तेवढा घे."

मी मोबाइल घेऊन केबिनमध्ये गेले आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून तोच आवाज पुन्हा लावला. मॅडमनी पूर्ण ऐकला. ताप येतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्यापेक्षा त्यांना त्याचा अर्थ जास्त कळत होता.  त्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला घरी गेल्या नाहीत.

दिवेलागणीला नानांनी उदबत्ती लावली, शटर अर्धं ओढलं आणि मीटरकडे वळले. मीटरसमोर मॅडम उभ्या होत्या. डोक्यावर पदर नव्हता, ओढणीही नव्हती, पांढरा कोट तसाच अंगावर. नाना थबकले. जेठ समोर आल्यावर सून बाजूला होते, म्हणून ते ती बाजूला होण्याची वाट बघत राहिले.

"नाना," मॅडम म्हणाल्या, "आज मेन बंद होणार नाही."

इतकी वर्षं मी त्या दवाखान्यात होते. त्यांनी नानांना उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. नाना माझ्याकडे वळले. खरंच वळले. आणि मला विचारतात, "काय म्हनस ती?"

मी तोंड उघडलं, पण मॅडमनी मला हातानं थांबवलं.

"ज्योतीला विचारू नका. मी तुमच्याशी बोलतेय. तुमच्या या हातानं रोज रात्री एका बाईचा कागद परत जातोय. तिच्या पोटात आता पू होत असेल. ती गेली तर अमेरिकेनं मारली असं मी म्हणणार नाही. किल्ली द्या."

 किल्ली नानांनी मॅडमच्या हातात दिली नाही, ती रीत त्यांनी तेव्हाही मोडली नाही. काउंटरवर ठेवली आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेले. मॅडमनी आत जाऊन बॅटरीचं बटण दाबलं. 

सकाळी कागद आलेला होता. एकच नाही, हॉस्पिटलनं तोच फॉर्म परत परत पाठवला होता. मॅडमनी सह्या केल्या, हृदयाचे सगळे कागद, त्या इंजेक्शनची नोंद, सगळं पाठवलं. दोन दिवसांनी मोहनलालजी पेढे घेऊन आले. दाढी केलेली होती. ऑपरेशन झालं होतं. आत पू झाला होताच, डॉक्टर म्हणाले आणखी थांबलं असतं तर अवघड होतं. सायरबाईंनी शुद्धीवर येताच खाकरा मागितला म्हणे.

आता घरचं ऐका. नाना चादर ओढून झोपले होते. जेवण बंद. शिंदखेड्याकडून मॅडमच्या सासूबाई भागाबाई पहिल्या गाडीनं आल्या आणि सुनेनं जेठाला तोंडावर उत्तर दिलं म्हणून त्यांनी सबंध गल्ली ऐकेल असं रडून घेतलं. डोक्यावर पदरसुद्धा नव्हता, हे तीन वेळा. मिस्टर दीपनगरहून रजा काढून आले. सायरबाई कशा आहेत, असं एकानंही विचारलं नाही. सायरबाई कोण, हेही त्यांना ठाऊक नसावं. मिस्टरांनी मॅडमना समजावलं, एक शब्द टाक, चुकलं म्हण, घर शांत होईल. मग अडचण अशी उभी राहिली की चुकलं म्हणायचं तर जेठाशी बोलावं लागणार, आणि जेठाशी बोलली हीच तर चूक. एवढे मोठे लोक जमून शेवटी ठरलं काय, तर ज्योतीमार्फत माफी मागायची.

नाना दवाखान्यात आले. धुतलेला शर्ट, खिशाला पेन. येता येता त्यांनी बाकावरच्या लोकांना अमेरिकेचा फॅक्स आपण कसा आणला ते सांगितलं, तेही मी ऐकलं. मग सर्व्हर रूममध्ये पंख्याखाली बसले आणि माफीची वाट बघू लागले. चप्पल बाहेर काढायला विसरले नाहीत.

मॅडमनी मला बोलावलं. केबिनचं दार उघडंच होतं. समोरच्या फाइलीत बघत, अगदी हळू त्या म्हणाल्या, "ज्योती, नानांना सांग. मॅडम म्हणतात, माझं चुकलं."

मी मागे गेले.  इतकी वर्षं या दोघांचे निरोप मी इकडून तिकडे नेले, एकही शब्द कधी बदलला नाही. नाना मान वर करून बसले होते. वर अमेरिकेचं घड्याळ चालू होतं.

"काय म्हनी ती?"

"मॅडम म्हणाल्या," मी दवाखाना ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "मेन बंद करायचा नाही."

नाना पुढे वाकले. "आजून काय म्हनी?"

"एवढंच."

मी केबिनकडे बघितलं. उघड्या दारातून मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं, आता बोलावतील, रागावतील, नीट सांगून ये म्हणतील. त्यांनी फाइल मिटली आणि टेबलावरची घंटी दाबली.

"ज्योती," त्या म्हणाल्या, "तो पंखा बाहेर लाव, आणि पुढचा पेशंट पाठव."